मरणारे सर आणि तीनशे पत्रिका

भोकरदनमध्ये मला 'मरणारे सर' म्हणतात. तब्येतीचा काही प्रश्न नाही. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मी चोवीस वर्षं एक इंग्रजी सूडनाटक शिकवतो आहे आणि त्याच्या पाचव्या अंकात एका मेजवानीत पाच माणसं मरतात. ती पाचही मी मरून दाखवतो. दोन तलवारीनं, दोन विषानं आणि एक म्हातारी राणी नुसत्या धक्क्यानं. विषाच्या मरणाला मी टेबलावरून घरंगळत खाली येतो. त्या दिवशी कॉमर्सची मुलं खिडक्यांत लटकतात आणि ऑफिसातले मोठे बाबू चहाचा कप घेऊन दारात उभे राहतात. एका वर्षी नव्यानं लागलेल्या शिपायानं मला फरशीवर पडलेलं पाहिलं आणि पळत जाऊन रिक्षा आणली. रिक्षा आलीच होती म्हणून मी तिच्यातून घरी गेलो.

नाटकाचं नाव सांगत नाही. ज्यांनी ते परीक्षेला वाचलंय त्यांच्या पोटात दिवाळीच्या फराळावर गोळा यायला नको. गोष्ट साधी आहे. एका दरबारात थोरल्या भावाचा खून होतो. खुनी म्हणजे सेनापती, मानाच्या आसनावर बसलेला. धाकटा भाऊ प्रेताजवळ शपथ घेतो आणि पुढचे चार अंक बोलत राहतो. हे बोलणं उलगडून दाखवणं हा माझा धंदा. अर्थ सांगणं हा नव्हे. अर्थ स्टँडजवळच्या दुकानात गाइडमध्ये मिळतो. मी मुलांना एकेक पात्र वाटून देतो आणि एक वही करायला लावतो. डाव्या पानावर त्या पात्राचं वाक्य, उजव्या पानावर ते ऐकायला कोण कोण उभं होतं, आणि खाली, जे बोलायला हवं होतं पण बोललं नाही ते. मुलं ह्या वहीला पंचनामा म्हणतात. मीही म्हणतो.

पंचनाम्यातून काय काय निघतं ते मला गाइडनं कधीच सांगितलं नव्हतं. नसरीन नावाची एक मुलगी होती, घरी उर्दू बोलणारी. तिच्या वाट्याला सेनापती आला. बाकीची मुलं म्हणाली, हा तर किती अदबीनं बोलतो, हा खुनी कसा? नसरीन म्हणाली, "सर, आमच्यात 'आप' म्हणून जेवढं टोचता येतं, तेवढं शिवी देऊन न्हाई टोचता येत." सेनापतीची सगळी भाषणं मी त्या दिवशी परत वाचली. दुसरा एक एस.टी.चा कंडक्टर, बाहेरून परीक्षेला बसलेला, रविवारच्या तासाला युनिफॉर्मवरच येणारा. तो तीन अंक गप्प बसला आणि चौथ्याला म्हणाला, सर, ह्याला मारायचं तर हा मारून का न्हाई राह्यला, मला डबल ड्यूटी हाय. ह्या प्रश्नावर जगभर कपाटं भरून पुस्तकं आहेत. मी त्याला पुढची गाडी पकडू दिली.

सगळ्यात अवघड जातं ते पहिलं पान. तिथे पात्रांची यादी असते. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाला नावच नाही, नुसताच 'एक सेवक'. ह्या क्रमाला अर्थ असतो हे मुलांना काही केल्या पटेना. मग एका वर्षी मी खिशातून लग्नपत्रिका काढली. आपले नम्र, निमंत्रक, विशेष आग्रह, किलबिल. वर्ग एकदम जागा झाला. ह्यात आत्याच्या मालकांचं नाव खाली का? हे माजी सरपंच एवढ्या वर कसे? हा चुलता कुठाय? दहा मिनिटांत मुलांनी त्या अनोळखी घराची सगळी भांडणं काढून दाखवली. तेव्हापासून मी दरवर्षी पत्रिकेपासून सुरुवात करतो. आणि सर पत्रिका वाचतात हे गावात कळल्यावर लोक छापण्याआधी तपासायला पाठवू लागले. प्रेसवाले रफिकभाई प्रूफ सरळ माझ्या व्हॉट्सॲपवर टाकतात. मी ऱ्हस्व-दीर्घ बघतो आणि परत पाठवतो. एवढंच माझं काम होतं, आणि एवढंच राहायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी जया माझ्या वर्गात होती. राजूरच्या अलीकडच्या एका गावाहून एस.टी.नं यायची, तिसऱ्या बाकावर बसायची, प्रश्न विचारायची नाही. तिच्या वाट्याला धाकटा भाऊ आला होता. हा माझा लाडका. त्याची शपथ मी पाठ म्हणतो, आवाज चढवून, आणि मुलं शिट्ट्या मारतात. एकवीस वर्षं मी शिकवत होतो की हे नाटक म्हणजे भावाच्या भावावरच्या मायेची गोष्ट. जयानं वही उघडली आणि उभं राहून सांगितलं की पहिल्या अंकात हा प्रत्येक भाषणात मेलेल्या भावाचं नाव घेतो. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात एकदा. चौथ्या-पाचव्यात एकदाही नाही. तिथे फक्त सेनापती, सेनापती, सेनापती.

"सर, ह्याला आता भाऊ आठवत न्हाई," ती म्हणाली. "ह्याला फक्त तो दुसरा आठवतो."

मी पुस्तक चाळलं. बरोबर होतं. एकवीस वर्षं मी ज्या मायेवर शिट्ट्या घेतल्या ती माया तिसऱ्याच अंकात संपली होती, आणि मला पत्ता नव्हता. त्या वर्षी मी मेलो, पण जरा बेतानं.

तास सुटल्यावर मी तिला विचारलं, हे तुला दिसलं कसं? तिनं आधी वही पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "घरी हेच चालू हाय, सर. नऊ वर्षं."

तिचे वडील, अंबादासराव, घरात अण्णा. त्यांचे थोरले भाऊ नारायणराव, सगळ्यांचे नाना. दोघांची वस्ती एकाच वाटेवर, नाना वर, अण्णा खाली. जयाला पाचवीला राजूरच्या शाळेत घातलं ते नानांनी. रोज सायकलवर पुढे बसवून न्यायचे आणि वाटेत पाढे म्हणून घ्यायचे. पोरगी कॉलेज करील हे घरात पहिल्यांदा बोलले तेही नानाच. मग नानांच्या मुलाचं लग्न निघालं आणि त्या पत्रिकेत अण्णांचं नाव नव्हतं. सख्ख्या धाकट्या भावाचं. आत्या होत्या, मामा होते, दूरचे भाऊबंद होते. अण्णा लग्नाला गेले नाहीत आणि त्या दिवसापासून बोलचाल बंद. नानांचं नाव अण्णांच्या तोंडून गेलं; 'वरच्या वस्तीवाले' एवढंच राहिलं. आता जयाचं लग्न ठरलं होतं. मुलगा वाटूरचा, शिकलेला, माणसं चांगली. आणि अण्णांनी पत्रिकेचा मजकूर लिहून काढला होता. त्यात नानांचं नाव नव्हतं.

"नाव नसलं तर नाना येणार न्हाईत," ती म्हणाली. "आन ते न्हाई आले तर माझं लग्न लागलं असं मला वाटणार न्हाई. तुम्ही अण्णांशी बोलता का, सर?"

मी बाजाराच्या दिवशी अण्णांना गाठलं. उंच, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. मोसंबीची बाग आहे, बागेला शोभेल इतका नीटनेटका. मी लांबून सुरुवात केली, थोरला भाऊ, पोरीचं मन, पाहुण्यांत काय दिसेल वगैरे, चांगलं वीस मिनिटांचं भाषण झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, त्यांच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं तवा साऱ्या गावानं वाचली," ते म्हणाले. "आता माझ्या पत्रिकेत त्यांचं नसंल, ते बी वाचू द्या. तुम्ही कॉलेजचं बघा."

चार दिवसांनी रफिकभाईंकडून प्रूफ आलं. मी ऱ्हस्व-दीर्घ बघितले. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग 'आपले नम्र'च्या खाली, अण्णांच्या वर, थोरलेपणाच्या मानानं, एक ओळ घातली: श्री. नारायणराव, मुलीचे चुलते. आणि परत पाठवलं.

रफिकभाईंचा लगेच फोन आला. तालुक्यातल्या कोणाचं कोणाशी बंद आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. धंद्याची गरज आहे. म्हणाले, "सर, इनकी तो बोलचाल बंद है."

"अण्णांशी माझं बोलणं झालंय," मी म्हटलं.

"पक्का?"

"पक्का."

बोलणं झालं होतं हे खोटं नव्हतं. काय झालं ते मी सांगितलं नाही.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या नाटकात चौथ्या अंकात एक कारभारी आहे. भला माणूस. दोन घराणी जुळावीत म्हणून तो एका पत्रात आपल्या पदरची एक ओळ घालतो, आणि त्या ओळीमुळे पाचव्यात पाच मुडदे पडतात, पहिला त्याचाच. दरवर्षी ह्या जागी मी टेबलावर हात आपटून म्हणतो, बघा हा शहाणा. त्या दिवशी मला तो आठवला नाही असं नाही. आठवला. पण नाटक आपल्याला पाठ असलं की आपण त्यातले नाही असं वाटायला लागतं.

तीनशे पत्रिका छापून झाल्या. गठ्ठा बांधूनच आला आणि अण्णांनी तो सोडला नाही, कारण पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीला. घरातली चौघं देवळात गेली. अण्णांनी वरची एक पत्रिका काढून पुजाऱ्याच्या हातात दिली. पुजारी नेमका वरून खाली सगळं वाचणारा निघाला. वाचत वाचत 'आपले नम्र'पाशी आला आणि नानांचं नाव गाभाऱ्यापुढे मोठ्यानं घेतलं. मग अण्णांचं. मग पत्रिका देवापुढे ठेवली. अण्णा हात जोडून उभे होते, ते तसेच उभे राहिले. देवापुढची पत्रिका उचलता येत नाही.

घरी आल्यावर त्यांनी ओसरीत सतरंजी टाकली, निळा बॉलपेन घेतला आणि दुपारभर बसून उरलेल्या दोनशे नव्याण्णव पत्रिकांतलं ते नाव एकेक करून खोडलं. कोणाला हात लावू दिला नाही. हे काम जयाचंच, असं त्यांनी धरलं; घरात मोबाइलवर मजकूर पाठवणारी तीच. त्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त बोलणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी मला तिचा मेसेज आला. सर, अण्णा माझ्याशी बोलत न्हाईत.

मी सकाळी मोटरसायकल काढली. वाटेत मी कबुलीजबाब तयार करत होतो, चढ-उतारांसकट, आणि एका ठिकाणी तर मला स्वतःलाच भरून आलं. ओसरीत अण्णा समोर बसल्यावर त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. मी म्हटलं, ते नाव मी घातलं. जयाला माहीत नव्हतं. प्रेसवाल्यांशी खोटं बोललो.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं ते नाटक पोरीनं मला सांगितलंय. त्यात पत्र बदलणारा एक हाय."

"आहे."

"त्याचं काय होतं?"

"मरतो."

"कितव्या अंकात?"

"पाचव्या."

"मंग तुम्ही अजून चौथ्यातच हाय," अण्णा म्हणाले. "तसंच वर जा. त्यांना सांगा का हे नाव मी लिहिलं न्हवतं. गावात भलतंच होऊन राह्यलंय. एक पत्रिका कुणीतरी वर नेली." आणि मान न वळवता आत आवाज दिला, "जया, सरांना चहा ठेव."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. तीन दिवसांनी वडील बोलले होते. मी चहा घेतला. तो नको म्हणणं शक्य नव्हतं.

वरच्या वस्तीवर नाना बाजेवर बसून होते. अण्णांसारखेच उंच, पण पोट सुटलेलं आणि बोलायची आवड. मी कोण ते सांगितलं. त्यांनी उशीखालून पत्रिका काढली आणि मला दाखवली. निळ्या शाईखाली नाव स्पष्ट वाचता येत होतं.

"बघा सर," ते म्हणाले, "खोडलंय. पण खोडलंय म्हंजे आधी लिहिलं होतं. लिहिलं, मंग राग आला, मंग खोडलं. अंब्या लहानपणापासून असाच. लिहिलं तर होतं ना."

चेहरा उजळला होता त्यांचा. एकवीस वर्षं मजकूर वाचायला शिकवणारा मी, आणि समोरचा माणूस चुकीचा लेखक धरून इतकं सुंदर वाचत होता. गप्प बसलो असतो तर कदाचित सगळं जुळलंही असतं. मला त्याचा मोह झाला, हे कबूल करतो. पण खाली अण्णा वाट बघत होते, आणि पदरच्या ओळी घालून माझं एकदा झालं होतं. मी सांगितलं. लिहिलं मी. खोडलं त्यांनी.

नानांनी पत्रिका मांडीवर ठेवली. चेहऱ्यावरचा उजेड गेला तो गेलाच. म्हणाले, "साऱ्या खोडल्या?"

"दोनशे नव्याण्णव."

"सोता?"

"स्वतः. कोणाला हात लावू दिला नाही."

"दुसऱ्या छापून घ्यायच्या होत्या. मंग माझं नाव दिसलंच नसतं." ते पत्रिकेवरून अंगठा फिरवत होते. "वाटल्या का त्यानं?"

वाटल्या नव्हत्या. खालच्या ओसरीत गठ्ठा तसाच पडलेला मी बघितला होता. अण्णा लोकांना तोंडी आणि फोनवर सांगत होते.

मग नानांनी न विचारता मला जुनी गोष्ट सांगितली. मुलाच्या लग्नात यादी फोनवर घातली होती, घाईत, आणि अंबादासचं नाव राहून गेलं. लक्षात आलं तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या.

"परक्याचं नाव राह्यलं असतं तर परत छापल्या असत्या, सर," ते म्हणाले. "म्हणलं, भाऊच हाय, समजून घेईल."

हे तुम्ही त्यांना सांगितलंत का, असं मी विचारलं. नाना म्हणाले, तो लग्नालाच आला नाही, मग सांगायचं कोणाला. आणि आता बोलावणं आल्याशिवाय मीही जाणार नाही. पोरीला माझा आशीर्वाद सांगा.

खाली येऊन मी दोघांचंही सगळं जयाला सांगितलं, एक शब्द न वाढवता. अण्णांनाही पत्रिकेच्या जुन्या चुकीचं सांगितलं. ते म्हणाले, हे त्यांनी नऊ वर्षांपूर्वी सांगायचं होतं. मी कानाला खडा लावून भोकरदनला परत आलो.

लग्न मे महिन्यात, दुपारचं, मांडव अण्णांच्या बागेला लागून. मी गेलो. वराकडची मंडळी आली, आणि अक्षता पडायच्या आधी व्याहीभेट असते ती सुरू झाली. आमच्याकडे दोन्ही बाजू समोरासमोर रांगेनं उभ्या राहतात. माइकवाला नातं पुकारतो, आणि बापाला बाप, मामाला मामा, चुलत्याला चुलता असं गंध लावून, टोपी घालून गळ्यात गळा घालतात. मुलीकडे चुलत्याची जागा रिकामी होती. नाना एकटेच चुलते. त्यामुळे बापाची भेट झाल्यावर चुलत्याच्या जागीही अण्णाच उभे राहिले.

माइकवाल्यानं पुकारलं, "मुलाकडून चुलते."

वाटूरकरांच्या रांगेतून डोक्याला फेटा बांधलेले नाना पुढे आले.

हे माझं काम नव्हतं, हे छापलेलं राहू द्या. जयानं सासऱ्यांना फोन केला होता, सगळं सांगून. सासरे व्यवहारी माणूस. नारळ आणि कुंकू घेऊन वरच्या वस्तीवर गेले आणि नानांना रीतसर बोलावणं दिलं: आमच्याकडून या, आमच्या रांगेत उभे राहा. नानांना बोलावणं हवं होतं. कोणाकडून ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

 अण्णांच्या हातात गंधाची वाटी तशीच राहिली. वाटूरच्या पाहुण्याला गंध न लावता परत पाठवणं म्हणजे लग्न मोडणं, आणि समोर पाहुणा म्हणून थोरला भाऊ. माइकवाल्यानं पुन्हा पुकारलं. भटजींनी मुहूर्ताचं काहीतरी पुटपुटलं.

"नाना," अण्णा म्हणाले, "तिकडून का आला?"

"बोलावणं तिकडून होतं."

"पोरगी इकडची हाय."

"ते मला म्हाईत हाय. मी तिला सायकलवर नेलंय."

अण्णांनी वाटी डाव्या हातात घेतली, उजव्यानं नानांचा दंड धरला आणि त्यांना ओढून आपल्या शेजारी, मुलीकडच्या चुलत्याच्या जागेवर, उभं केलं. गळाभेट झालीच नाही. दोघं खांद्याला खांदा लावून समोर बघत उभे राहिले, फोटोत उभे राहावेत तसे. बोहल्याकडून जयाच्या हुंदक्याचा आवाज मात्र माइकमध्ये आला.

आता वाटूरच्या रांगेत चुलता कमी पडला. सासऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझी कॉलर धरून मला पुढे ढकललं, हे सर आमच्याकडून. नानांनी मला टोपी घातली आणि हसत हसत मिठी मारली. गंध लावायला अण्णा पुढे झाले. त्यांनी वाटीत अंगठा बुडवला आणि माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "दोनशे नव्याण्णव खोडल्या, सर. अंगठा अजून दुखून राह्यलाय."

आणि त्याच अंगठ्यानं त्यांनी माझ्या कपाळावर गंध लावलं, जरा जास्तच दाबून.